डोक्याकडची चुणी

“ढील द्या, जाऊबाई! अहो, ढील!”

थोरलीनं कापड सैल सोडलं, पण उशीर झाला होता. साच्याच्या डोक्याकडच्या खळग्यात ही एवढी चुणी उभी राहिली.

“घ्या! पुन्हा तुमच्याच बाजूला,” धाकटी म्हणाली. “रोज बरी तिकडेच येते!”

“तू तिकडून खुंट्यासारखी उभी राहशील, तर इकडे दुसरं काय होणार?”

“बरं बाई, माझंच चुकलं. घरातही माझंच, इथेही माझंच.”

दोघी जावा. घरी एका ओट्याला, इथे एका साच्याला. करायची होती अँब्युलन्समधल्या स्ट्रेचरची पाठ. काचधाग्याचं कोरडं कापड साच्यात थरावर थर बसवायचं, वरून प्लॅस्टिक लावून पंपानं हवा ओढायची, मग आत राळ सोडायची. राळ वाळली की दगड. थरांच्या पोटात चुणी राहिली तर भेग तिथूनच पडणार, आणि नेमकं तिथेच कुणाचं तरी डोकं असणार.

सपाट जागेवर कापड कुणीही अंथरेल. खळग्यात मात्र ते तिरकं ओढावं लागतं. उभे-आडवे धागे सरकतात, चौकटी तिरप्या होतात, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे धागे एकमेकांना भिडतात आणि कापड वर उचलतं. ती हद्द दिसत नाही, बोटांना लागते. धाकटीला हे थोरलीनंच शिकवलं होतं, “कापड नाही म्हणालं की थांबायचं.”

आता थोरलीलाच ते ‘नाही’ कळेनासं झालं होतं. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग त्याही गेल्या. सकाळी किल्ली हातात असून ती पर्समध्ये किल्ली शोधत बसली होती. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. साच्यावरून उठवलं तर कुठे बसवतील? गेटवर? की घरीच?

चुणी सोडवून त्यांनी कापड पुन्हा बसवलं. थोरलीनं नुसतं डोळ्यांनी पाहून मान हलवली. वरचे थर पडले.

शेवटचा थर बसल्यावर धाकटीनं तळहात फिरवला आणि थबकली. “आत काहीतरी आहे.”

“काही नाही.”

“बघा ना हात लावून.”

थोरलीनं हात फिरवला. गुळगुळीत. पण तिच्या हाताला आता वीटसुद्धा गुळगुळीतच लागली असती. थर उचलायला लावावेत, तर चुणी निघाल्यावर विचारतील, तुला कशी नाही लागली?

“बायांनो, झालं का?” सुपरवायझर लांबूनच ओरडला. “पंप सुरू करा, पुढचा साचा खोळंबलाय.”

धाकटीनं जावेकडे पाहिलं. रागात होती, तरी खांदे उडवून म्हणाली, “तुमचा हात नाही म्हणतोय ना? मग नसेलच. माझ्यापेक्षा तुमचा हात खरा.”

आणि ती प्लॅस्टिक ओढायला वळली.

दोन शिव्या घातल्या असत्या तर थोरलीनं ऐकून घेतल्या असत्या. हे मात्र तिला ऐकवेना. प्लॅस्टिक कडेला चिकटलं. धाकटीचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

“थांब गं.”

“आता काय?”

“माझ्या हाताला कळत नाही. काहीच कळत नाही.”

धाकटी बघतच राहिली. “कधीपासून?”

थोरली प्लॅस्टिकची कड सोडवू लागली.

“आणि मी मेली समजतेय, मला तोंडघशी पाडायला मुद्दाम ओढताय!” धाकटीचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. “घरात तोंड नव्हतं का सांगायला?”

दोघींनी प्लॅस्टिक काढलं, थर उचलले. खळग्यात चुणी होती. बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी जाड.

सुपरवायझर येऊन वाकला. “कुणाची बाजू ही?”

धाकटी काही बोलणार, इतक्यात थोरली म्हणाली, “माझी. उद्यापासून इथे दुसरं कुणीतरी बघा.”

तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. धाकटीनं जावेचा पातळ रबरी हातमोजा काढला, तिचं बोट धरलं आणि चुणीवर टेकवलं.

“ही बघा. लागतेय?”

थोरलीनं खाली पाहिलं. तिचं बोट दाबून दाबून धाकटीचं नख पांढरं पडलं होतं.

“अजून दाब,” ती म्हणाली.