फुलं भरलेला रॅम्प

मित्रांनो, मी चाकांवरचा एक जुना रॅम्प. मेंढ्या आणि गुरं ट्रकमध्ये चढवायला जो उतार लागतो ना, तोच. दोन बाजूंना लोखंडी कठडे, मध्ये जाड फळ्या आणि खूर घसरू नयेत म्हणून त्यांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्या, एवढंच माझं रूप. बोलायचं माझ्या स्वभावात नाही. पण माझं जे करून ठेवलं, ते आठवलं की अजून संताप होतो.

न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, वाइतोरू खोऱ्यात माझा जन्म झाला. ॲलिस्टर नावाच्या म्हाताऱ्या वेल्डरने मोडक्या पुलाच्या लोखंडातून मला जोडलं. खोऱ्यातल्या बायकांनी केक विकून फळ्यांची सोय केली. मी कुणा एकाचा नव्हतो. गावच्या सभागृहाशेजारी उभा असायचो. ज्याला गरज पडेल त्याने यावं, गाडीला जोडावं आणि न्यावं. काम झालं की धुऊन परत आणून ठेवावं. विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

काय दिवस होते ते! एका कोरड्या उन्हाळ्यात डोंगरावर गवताची काडी उरली नाही, तेव्हा अख्ख्या खोऱ्याची गुरं माझ्यावरून चढून दक्षिणेच्या कुरणांवर गेली आणि जगली. खोऱ्यातल्या तमाती नावाच्या मेंढपाळाचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याच्या मेंढ्या चढवल्या. तो खिडकीत बसून ओरडत होता, "अरे, त्या काळ्या तोंडाच्या म्हातारीला शेवटी घ्या! दांडगट आहे ती, सगळ्यांना पाडेल!" तिने खरंच दोघांना पाडलं. तमाती हसता हसता कळवळला.

मग तालुक्याच्या गावात 'शेतकरी आधार केंद्र' निघालं. नायजेल नावाचा तरुण अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. गाभण मेंढीला किती चारा द्यावा, याचा एक तक्ता त्याने वाटला होता. खोऱ्यात मेंढ्या पाळणाऱ्या रोइमाटा आंटीने तो फ्रिजवर चिकटवला आणि रोज वापरला. कागदाशी माझं भांडण नाही, मित्रांनो. पण कागदामागून नियम आले. माझ्या तपासणीचा दाखला नाही, म्हणून मी धोकादायक ठरलो. मला ओढत केंद्रासमोर नेलं, पांढरा रंग फासला, फळ्यांवर माती ओतून फुलझाडं लावली. वर पाटी ठोकली, 'आमचा वारसा'.

वारसा! अरे, मी जिवंत होतो! माझी चाकं फिरत होती! समोरून शेतकरी आत जायचे आणि हातात पत्रकं घेऊन बाहेर यायचे. 'ताण आला आहे? खोल श्वास घ्या.' रॅम्प कुठून मिळेल, हे त्या पत्रकात नव्हतं. तो दाराशी फुलं मिरवत उभा होता.

मग एकदा नदीला मोठा पूर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी रोइमाटा आंटीची चिखलाने माखलेली गाडी केंद्रासमोर करकचून थांबली. साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात फावडं. तिने सरळ माझ्यावरची फुलझाडं उपसायला सुरुवात केली.

नायजेल धावत बाहेर आला. "आंटी! अहो, काय करताय?"

"माझा खालचा मेंढवाडा नदीने नेला, तिथल्या रॅम्पसकट. दोनशे गाभण मेंढ्या उंचवट्यावर अडकल्यात. तमाती ट्रक घेऊन उभा आहे. त्यांना काय शिडी लावू?"

"पण याच्याकडे दाखला नाही. एखादी पडली, पाय मोडला तर?"

"आणि बुडाली तर? बुडायला दाखला लागत नाही वाटतं?"

"तुम्ही अर्ज भरा, मी आजच वरती—"

"नायजेल बाळा," आंटी फावडं न थांबवता म्हणाली, "पाणी वर चढतंय. तुझं 'वरती' त्याच्या आधी पोचणार आहे का?"

तो पावसात भिजत माझ्या चाकांशी आला. मग खाली वाकला. "चाकांत हवा नाही," तो पुटपुटला. "पंप माझ्या गाडीत आहे." इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून त्याने चारही चाकं भरली आणि तिच्या शेजारी गाडीत जाऊन बसला.

माती उपसण्यात आणि हवा भरण्यात तास गेला. उंचवट्यावर पोचलो तेव्हा कडेच्या मेंढ्यांच्या पोटाला पाणी लागलं होतं. आंटीचा कुत्रा भुंकला आणि पहिली मेंढी माझ्यावर चढली. किती वर्षांनी ते खूर! टपटप, टपटप! अर्ध्याहून अधिक मेंढ्या वर गेल्या, आणि माझी मधली फळी कडाडली. रोज फुलांना घातलेल्या पाण्याने ती आतून कुजली होती. एका मेंढीचा पाय आत गेला आणि मोडला.

नायजेल ओरडला, "हेच मी म्हणत होतो!"

आंटीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "फळी कुजवली कुणी?"

नायजेलने ट्रकचं मागचं झाकण काढून भोकावर टाकलं आणि ते सरकू नये म्हणून स्वतः त्यावर गुडघे टेकून बसला. मेंढ्या त्याच्या पाठीला घासत, त्याच्या बोटांवर पाय देत गेल्या. शेवटच्या सतरा माझ्यापर्यंत पोचण्याआधीच बुडाल्या. त्या गेलेल्या तासाने त्यांना नेलं. पाय मोडलेल्या मेंढीचं डोकं आंटीने मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली आणि स्वतःच्या हाताने तिला वेदनेतून सोडवलं.

पुढच्या आठवड्यात नायजेल नव्या फळ्या घेऊन आला. ठोकताना अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, तरी सगळ्या बसवल्या. आता तपासणी तो स्वतःच करतो, दर सहा महिन्यांनी, सभागृहाशेजारीच. मी परत घरी आहे. पण त्या सतरा परत आल्या नाहीत, म्हणून माझा राग काही गेलेला नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. जी वस्तू संकटात धावून येते, तिला फुलं वाहू नका, तिला तेल द्या. तिच्या फळ्या ठोकून बघा. मदत लागणाऱ्याच्या हाताला लागेल तिथेच तिला ठेवा. आणि कुणी कौतुकाने मला पुन्हा सजवायला आलाच, तर त्याच्या हातात आधी फावडं द्या. इथल्या लेंड्या काढू दे त्याला.