एका नजरेत निदान

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग भिंतीच्या कडा भरल्या, मग लोक मंचाच्या पायऱ्यांवर बसले. पुढे शाळांतल्या समुपदेशक बाया, त्यांच्यामागे कारखान्यांतले अधिकारी आणि रिकामपण घालवायला आलेली निवृत्त मंडळी. उरलेल्या जागेत ज्यांच्या घरी कोणीतरी आजारी आहे असे नातेवाईक, डोळे लाल झालेले. दारावर फलक होता : ‘दोन दिवसांत मनोविकार ओळखायला शिका. प्रत्यक्ष उदाहरणांसह.’

उदाहरणे म्हणजे माणसे.

मंचावर नजरवाले सर उभे होते. त्यांना सगळे याच नावाने ओळखत. पांढरा सदरा, कॉलरला माइक, आणि समोरच्याला बघण्यापूर्वी डोळे मिटून घ्यायची सवय.

“पुस्तकं वाचून निदान करणारे डॉक्टर म्हणजे मेनूकार्ड वाचून ढेकर देणारे,” सर म्हणाले. हशा पिकला. “विचारतात काय, तर झोप लागते का? भूक लागते का? अहो, पेशंटलाच माहीत असतं तर तो तुमच्याकडे झक मारायला आला असता? मी विचारत नाही. मी बघतो. पुढचं उदाहरण पाठवा!”

एक तरुण आत आला. हातात घडी घातलेला रुमाल. बाहेर प्रत्येकाला एक देत, रडू आले तर असू दे म्हणून. तो खुर्चीत बसला. सरांनी डोळे मिटले, उघडले, त्याच्याकडे पाहिले.

“भीती,” सर म्हणाले. “कुलूप लावलं की नाही? गॅस बंद केला की नाही? दिवसभर हेच.”

तरुण रडू लागला. “तुम्हाला कसं कळलं?”

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी मामा बसला होता, माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याने मला कोपराने ढोसले. “वाजव की! हात झिजणार नाहीत.”

मी वाजवल्या नाहीत. वर्षभरापूर्वी त्याच खुर्चीत माझी आई बसली होती.

बाबा गेल्यावर आई मामाकडे राहायची. तिचे डोके दुखू लागले, ती विसरू लागली, चिडू लागली. मामाने तिला इथे आणले. मी त्या दिवशी नव्हते. मी पाहिली ती शिबिराची चित्रफीत, आई गेल्यानंतर. त्यात सर तिच्याकडे पाहतात आणि हसतात.

“बाईंना काहीही झालेलं नाही. नाटक आहे. डोकं दुखतंय म्हणे! घरात कोणी विचारत नसेल तर बिचाऱ्या डोक्यानं तरी काय करावं?”

सभागृह हसते. सगळे हसताहेत म्हणून आईही हसते.

“उपचार एकच. दुर्लक्ष. कण्हायला लागल्या की टीव्हीचा आवाज वाढवा.”

मामाने वाढवला. पुढे ती दिवसाही झोपू लागली, तेव्हा मामा मला फोनवर म्हणाला, “दुसरा अंक सुरू झालाय.” मी पोहोचले तेव्हा ती मला ओळखत नव्हती. इस्पितळात स्कॅन केला. कवटीच्या आत जुने रक्त साचून मेंदूवर दाब आला होता. वेळेवर आणले असते तर लहानसे छिद्र पाडून ते काढता आले असते, असे डॉक्टर म्हणाले. डोक्याला मार लागला होता का, हेही त्यांनी विचारले. मामा नाही म्हणाला.

आई गेल्यावर मामाची सरांवरची श्रद्धा कमी झाली नाही, वाढली. “सरांनी मनाचं सांगितलं होतं,” तो म्हणायचा, “हे शरीराचं नंतर उद्भवलं.” मी त्याच्याशी वाद घातला नाही. ज्याने बहिणीच्या कण्हण्यावर टीव्हीचा आवाज वाढवला, त्याला सर चुकले हे मान्य करणे झेपणारे नव्हते.

आता पाळी त्याच्या मुलीची होती.

माझी ही मामेबहीण बाळंत होऊन काही महिने झाले होते. नवरा दूर नोकरीला, म्हणून ती बाळाला घेऊन वडिलांकडे आलेली. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली. आपल्याच हातून बाळाला काहीतरी होईल, या विचाराने ती त्याला उचलेनाशी झाली. सरकारी इस्पितळातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, तिला बोलते केले. हळूहळू ती सावरली, बाळाला स्वतः अंघोळ घालू लागली. गोळ्या मध्येच बंद केल्या तर सगळे परत येईल, कदाचित जास्त वाईट होऊन येईल, असे डॉक्टरबाईंनी बजावले होते.

पण सर म्हणत, गोळी म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा. आणि मामाचे ठरले होते : सर म्हणतील तसे.

“ताई, मला गोळ्या बंद करायच्या नाहीत गं,” मामेबहीण मला म्हणाली. “पण आमच्या अण्णांपुढे कोण बोलणार?”

“तू बोलू नकोस,” मी म्हणाले. “सरांनाच बोलू दे.”

आईच्या पिशवीत मला एक गुलाबी रुमाल सापडला होता. तो तिचा नव्हता. त्यामुळे मी शिबिरांच्या चित्रफिती पुन्हा पाहायला घेतल्या, या वेळी आवाज बंद करून. सरांची बडबड बंद झाल्यावर जे दिसले ते कोणालाही दिसले असते. डोळे उघडल्यावर सर आधी चेहरा पाहत नव्हते. आधी मांडी पाहत होते, जिथे रुमाल असतो. पांढरा रुमाल असला की उदासी. पिवळा असला की भीती, निळा असला की कानात आवाज. हिरवा म्हणजे दारू. आणि गुलाबी म्हणजे नाटक. एकदाही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी मामा मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसला, मी सोबत गेले. तिथे एक मावशी होती. मांडीवर मोठी कापडी पिशवी, चेहरा मायाळू. ती मामाशेजारी सरकली.

“माझा मुलगा आत आहे हो. काय सांगू, नशीब एकेकाचं. आणि ही तुमची? इतकी गोड पोर, काय झालंय हिला?”

एवढे मायेने विचारल्यावर कोण गप्प बसेल? मामाने सगळे ओतले. बाळंतपण, झोप, बाळाला उचलायची भीती. मावशी डोळे पुसत ऐकत होती. मग तिने पिशवीतून एक पिवळा रुमाल काढला. “असू दे गं जवळ, रडू आलं तर.”

आदल्या दिवशीही तिचा मुलगा आतच होता. त्या चित्रफितींतही ती दाराच्या फटीतून दिसते, दर वेळी तशीच पिशवी घेऊन.

नाव पुकारले गेले. दाराशी मी मामेबहिणीच्या हातातला पिवळा रुमाल काढून घेतला आणि बाजारातून आणलेला हिरवा दिला. तिने तो मुठीत घट्ट धरला. मग ती पुढे गेली.

सरांनी डोळे मिटले, उघडले. मांडी पाहिली. मग बराच वेळ चेहरा.

“वडील कुठे आहेत हिचे?”

मामा उभा राहिला. निवड झाल्यासारखा ताठ.

“साहेब, मन घट्ट करा. तुमची मुलगी पिते.”

“अगं बाई!” पुढच्या रांगेतून आवाज आला.

“लपून पिते. तोंडाला वास येऊ नये म्हणून लवंग चघळते. बघा, हात कसे कापताहेत!”

“सर, काहीतरी चूक होतेय,” मामा म्हणाला. “आमच्या घरात कोणी… तिचं मूल अंगावर पितं, सर.”

“मग तेही झिंगत असेल!”

सगळे सभागृह हसले. मामाने मान वळवून त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहिले. मागच्या वर्षी तो त्यांच्यात बसला होता.

मी उठले. “सर, तो हिरवा रुमाल मी दिला. तुमच्या मावशींनी पिवळा दिला होता.”

“कोण मावशी? खाली बसा.”

“बाहेर बसतात त्या. आमचं दुखणं काढून घेतात आणि तुमच्यासाठी रंग ठरवतात. पिवळा भीतीचा, पांढरा उदासीचा, हिरवा दारूचा. माझ्या आईला गुलाबी दिला होता.”

कुजबुज सुरू झाली. सर हसले. “शिबिरात दर वेळी एक असं उदाहरण निघतंच. संशय. हाही एक विकार आहे, लिहून घ्या.” काहींनी खरेच लिहून घेतले.

तेवढ्यात मागून एक निवृत्त शिक्षक उठले. “सर, वाद कशाला? एकजण बिनरुमालाचा बघा. प्रश्नच मिटला.”

“नजर म्हणजे काही सर्कस नाही!”

“सकाळपासून तर तीच चाललीय,” शिक्षक म्हणाले.

मामेबहिणीने हिरवा रुमाल खुर्चीवर ठेवला. उभी राहिली आणि दोन्ही रिकामे तळवे सरांसमोर धरले. “आता सांगा ना, सर. मला काय झालंय?”

सरांनी डोळे मिटले. उघडले. तिच्या तळव्यांकडे पाहिले, मग दाराकडे. तोवर एक समुपदेशक बाई बाहेर जाऊन मावशीची पिशवी घेऊन आली होती. तिने ती मंचावर उपडी केली. पाच रंगांचे रुमाल, इस्त्री केलेले, पाच गठ्ठ्यांत.

“वातावरण दूषित झालंय,” सर माइकमध्ये म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. कॉलरचा माइक चालूच होता. सभागृहभर त्यांच्या धापा ऐकू आल्या, मग कोणाला तरी हासडलेली शिवी, मग गाडीचे दार.

खुर्च्या सरकू लागल्या. एक गृहस्थ मंचाजवळ येऊन विचारत होता, “पण मग आमचा नंबर कधी?”

बाहेर पायऱ्यांवर मामा बसून होता. मुलगी शेजारी उभी राहिली तरी त्याने मान वर केली नाही. मला म्हणाला, “मग आमच्या आक्काला काय झालं होतं?”

मला सांगता आले असते. इस्पितळात त्यालाही सांगितले होते, माझ्यासमोर. मी म्हणाले, “परवा माझ्याबरोबर चल.”

डॉक्टरबाई इस्पितळात विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यांच्याही वर्गात उदाहरणे असतात, फक्त माणूस खुर्चीत बसवलेला नसतो आणि नाव सांगितलेले नसते. त्या दिवशी आईची गोष्ट घ्यायला मी परवानगी दिली होती. मामाला हे ठाऊक नव्हते. तो मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसला.

“वय बासष्ट,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “भावाकडे राहते. काही आठवडे डोकं दुखतंय, चिडते, विसरते, दिवसा झोपते. घरचे म्हणतात, लक्ष वेधून घेते. काय विचाराल?”

“मॅडम, नैराश्य,” एक मुलगा म्हणाला.

“निदान मागितलं का मी? काय विचाराल?”

“कधीपासून?” “आधी कशा होत्या?” “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” चारी बाजूंनी प्रश्न आले. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, त्या पडल्या होत्या का?”

“घरच्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं.”

“पडली होती,” मामा म्हणाला.

सगळे मागे वळले.

“बाथरूममध्ये. डोकं नळावर आपटलं. पण लगेच उठली. म्हणाली, काही नाही रे. मी त्या मावशीला सांगितलं होतं तेव्हा. ती म्हणाली, असं पडतात बायका, कोणी धावत यावं म्हणून. मग इस्पितळात विचारलं तेव्हा… मी नाही म्हणालो.”

तो कोण हे त्या मुलीला माहीत नव्हते. शिकणाऱ्याच्या उत्साहाने ती म्हणाली, “मग तर लगेच स्कॅन करायला हवा होता ना! हे तर अगदी सोपं होतं.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्या मुलीला थांबवू शकले असते. मी थांबवले नाही.

“सोपं होतं की नाही, माहीत नाही,” डॉक्टरबाई तिला म्हणाल्या. “विचारायला मात्र हवं होतं.”

मामाने दोन्ही हात बाकावर पालथे ठेवले आणि तास संपेपर्यंत तसाच बसला.

मामेबहिणीच्या गोळ्या चालू आहेत. कमी कधी करायच्या, हे डॉक्टरबाई ठरवतील. दर भेटीला मामा सोबत जातो आणि त्यांना इतके प्रश्न विचारतो की मागचे रुग्ण कुरकुरतात. त्या प्रत्येकाचे उत्तर देतात. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतात.

वाचणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे. मनाचे आजार खरे असतात आणि ते ओळखणे हे कष्टाचे काम आहे. ते विचारून, तपासून, चुका दुरुस्त करत शिकावे लागते. कोणी एका नजरेत सगळे सांगू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा, तुम्हाला हे कळले कसे? रागावला, तर आपल्या माणसाचा हात धरा आणि तिथून उठा. माझ्या आईकडे त्या दिवशी सभागृहभर माणसे बघत होती. त्यांतल्या एकानेही तिला काही विचारले नाही.