रिकाम्या खोलीची मोरी

"शके, कुलूप लावलेल्या खोलीच्या मोरीतून साबणाचा फेस कसा येतो गं?"

सगुणानं विचारलं आणि वनमालानं लगेच पैज लावली, "एवढी निबंधात पहिली येतेस ना? मग विचार तुझ्या बाबांना. चारचौघांत. हिंमत असेल तर!"

शकु खो खो हसली. नाहूरच्या त्या गल्लीत शकु परबपेक्षा मोठ्यानं हसणारं दुसरं कुणी नव्हतं. नववीत तिला एकाएकी कंठ फुटला होता. वक्तृत्वाचा कप, निबंधाचं पहिलं बक्षीस, सगळं एकाच वर्षात घरी आलं होतं. पण त्या दिवशी हसू मध्येच अडकलं. गटारात पांढरा फेस खरंच डुलत होता, आणि तो आला होता त्यांच्याच घराच्या टोकाच्या, तिसऱ्या खोलीच्या भोकातून.

"भूत आहे यार तिथं," वनमाला पुटपुटली. "तुझा काका त्याच खोलीत गेला ना? दुपारी आतून कुणीतरी कण्हतं. मी ऐकलंय."

"काहीतरीच! उंदीर असेल," शकु म्हणाली. खोटं बोलायची तिला दोन वर्षांची सवय होती.

भूत नव्हतं. काकी होती.

आजोबांनी गिरणीच्या पगारातून बांधलेल्या त्या तीन खोल्या. एका ओळीत, वर पत्रे. पहिल्या दोनमध्ये शकु आणि तिचे आईबाबा, तिसरी धाकूकाकाची. ब्याऐंशीच्या संपात दोघे भाऊ घरी बसले. बाबांना, म्हणजे सहदेव परबांना, पुढे मुलुंडच्या एका कारखान्यात काम मिळालं. धाकूकाकाला काविळीनं नेलं. मागे उरली सुगंधाकाकी, ना मूल ना बाळ.

आणि मग वाढली घरपट्टी. खोली रिकामी असली तर तेवढ्यापुरती सूट मिळते, असं बाबांना कुणीतरी सांगितलं. बाबांनी अर्ज ठोकला: भाऊ वारला, खोली बंद आहे. पण काकीला ठेवायचं कुठे? तिचं माहेर उरलं नव्हतं.

"कुठे कशाला ठेवायची?" आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती. "हळदीकुंकवाला नाहीतरी ती आतच बसते. चौकशीला कोण आलं तर तशीच बसेल."

किती सहज बोलून गेली आई! सवाष्णींसमोर विधवेनं येऊ नये, ही रीत घरात होतीच. बाबांनी त्या रीतीला बाहेरून फक्त कुलूप लावलं.

पहिल्या वर्षी ते कुलूप चौकशीच्या दिवसापुरतं होतं. मग शेजारीपाजारी चहाडी करतील म्हणून रोज सकाळी लागू लागलं, दिवेलागणीला निघू लागलं. काकीची लुगडी दोरीवरून नाहीशी झाली. रेशनकार्डावरचं नाव गेलं. कुणी विचारलंच तर "गावाक गेली." शकुनंही हे शंभरदा म्हटलं होतं.

शकुचं अभ्यासाचं टेबल मधल्या भिंतीला लागून होतं. सुरुवातीला तिला पलीकडची कपबशी ऐकू यायची. मग काकी ती फडक्यात गुंडाळून ठेवायला लागली. खोकला पदरात, शिंक पदरात. आणि गेल्या दिवाळीपासून संध्याकाळी कुलूप काढलं, तरी ती उंबरठ्याशी थबकायची आणि कुजबुजत विचारायची, "भायर कोण नाय मां?" नाही म्हटलं तरी ती बाहेर येत नसे. शकु वही उघडून बसे, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी आपला श्वाससुद्धा मोजूनमापून घेतंय, असं तिला सारखं वाटत राही. याच भिंतीला टेकून तिनं बक्षिसाचा निबंध लिहिला होता: 'माझ्या राज्याचे आर्थिक भवितव्य'.

पैज लागली त्याच्या चौथ्या दिवशी पालिकेकडून चौकशीचे साहेब आले. मे महिन्याची दुपार, पत्रे नुसते पेटलेले. शकु मैत्रिणींबरोबर मधल्या खोलीच्या पायरीवर सागरगोटे खेळत होती. साहेब भला माणूस दिसत होता. आईनं सरबत दिलं. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचून ते कौतुकानं म्हणाले, "वा! राज्याचं भवितव्य! मुलगी हुशार आहे तुमची."

बाबांना तेवढंच हवं होतं. "ता भवितव्य कसला घेऊन बसलात सायबानू? गिरण्यो बंद, कारखाने गुजरातेत चलले, आणि पट्टी बघा कशी वाढता! ह्या राज्याचा फुडे काय होतला, सांगा!"

साहेब मान डोलवत राहिले. अर्धा तास गेला, पाऊण गेला. शकुचं लक्ष आतल्या भिंतीकडे होतं. पलीकडे काही म्हणजे काहीच वाजत नव्हतं. श्वाससुद्धा नाही.

शेवटी साहेब उठले, बाहेर येऊन तिसऱ्या खोलीचं कुलूप हलवून पाहिलं. "बंदच आहे ना? करतो सही."

तेवढ्यात मोरीच्या भोकातून पाणी आलं. फेस नाही, नुसतं पाणी. आधी बारीक धार, मग एकदम लोंढा, जणू आत अख्खी कळशी लवंडली होती.

वनमालानं सगुणाचा हात गच्च धरला. साहेबांची पाठ होती. पेन कागदावर टेकलं होतं. पैज वगैरे शकुच्या डोक्यात काही उरलं नव्हतं. तिला फक्त ती भिंत आठवली. तिनं घसा खाकरला आणि वक्तृत्वाच्या कपाला शोभेल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, कुलूप लावलेल्या खोलीच्या मोरीतून पाणी कसं येतं?"

"गप ऱ्हव गो!" बाबा ओरडले. पण साहेब वळले होते. पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं.

"चावी द्या," ते म्हणाले.

"चावी... ती गावाक..."

शकु आत धावली आणि देवामागची चावी घेऊन आली.

दार उघडलं तसा आतून भट्टीसारखा झोत आला. खिडकीला पुठ्ठे ठोकलेले. मोरीत आडवी पडलेली कळशी. तिच्याशेजारी भिंतीला टेकून, ओल्या लुगड्यात, तोंडात पदराचा बोळा कोंबून काकी बसली होती. उकाड्यानं भोवळ आली म्हणून अंगावर पाणी घ्यायला गेली होती बिचारी, हातातून कळशी निसटली होती.

साहेब दारातच थिजले. "बाई... कोण तुम्ही?"

काकीनं बोळा काढला. डोळे वर केले नाहीत.

"हय कोण नाय," ती कुजबुजली. "खोली रिकामी आसा."

भूत बघायला टपलेली वनमाला हमसून हमसून रडायला लागली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, सही न केलेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ते निघून गेले. शकुनं आणि सगुणानं दोन्ही बाजूंनी धरून काकीला बाहेर आणलं, सावलीत बसवलं, तिच्या हातात ताकाचं भांडं दिलं. ती उजेडाकडे बघून डोळे किलकिले करत होती. सगुणानं सहजच विचारलं, "काकी, तुमचे खोलीची पट्टी तुमचे नावान नाय काय? आमचे घराची आयसचे नावान येते. बापूस गेल्यावर तिनंच नाव लावून घेतलं."

संध्याकाळी आईनं डोळ्याला पदर लावला. "गल्लीत नाक कापलंस आमचं!"

"पैज जिंकूची होती तुका?" बाबांचा आवाज चिरकला होता; रडता रडता वनमालानं पैजेचं सांगून टाकलं होतं. "आता मागची सूट पण भरूक लागतली, ठाव आसा?"

शकुच्या हातात ते कुलूप होतं. अजून गरम.

"भरू, बाबा. पैज पण होती, खोटं नाही सांगत. पण मी पण दोन वर्षं 'गावाक गेली' म्हणत होते, तुमच्याइतकीच दोषी मी पण. आता ऐका. आजपासून मी काकीच्या खोलीत झोपणार, आणि दार उघडं राहणार. हळदीकुंकवाला काकी बाहेर नसेल तर मी पण आत बसेन. आणि सोमवारी मी तिला वॉर्ड ऑफिसात घेऊन जाणार. सगुणाची आई येतेय सोबत, तिला कुठल्या खिडकीवर जायचं ते माहीत आहे. त्या खोलीची पट्टी काकीच्या नावानं करायची. वाढून येईल, येऊ दे. पण बिलवाला येऊन दारात 'सुगंधा धाकू परब' अशी हाक मारेल ना बाबा, तेव्हा आपण कुणी जायचं नाही. 'ओ' काकीनंच द्यायची."