गुरुवारी चारची वाट पाहणारा

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही कधी झोपला नसाल. तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस झोपलं असेल. मी एक जुनं मसाज टेबल आहे. ताई मला 'गडी' म्हणते, म्हणून मीही स्वतःला गडीच समजतो.

एका सुताराने मला घडवलं. चार लाकडी पाय, वर जाड फोम, त्यावर रेक्झिन आणि डोक्याकडे चेहरा टेकवायला एक गोल भोक. पालथं झोपलेल्या माणसाला श्वास घेता यावा, म्हणून ते असतं. काम झाल्यावर सुताराने मेहुण्याला माझ्यावर झोपवून पाहिलं. तो पाच मिनिटांत घोरायला लागला. "पास," सुतार म्हणाला.

तिथून मी ताईकडे आलो. ताई मसाज थेरपिस्ट. तिची एक पद्धत होती. आलेल्या माणसाला ती आधी माझ्या काठावर बसवायची, स्वतः समोरच्या स्टुलावर बसायची आणि हात मांडीवर ठेवून विचारायची : जेवून किती वेळ झाला? ताप आहे? कुठे सूज, जखम? पूर्वी हाड मोडलंय? गोळ्या कुठल्या चालू आहेत? तेलाने अंगावर काही उठतं का? बाई असेल तर, दिवस गेलेत का? उत्तरं मिळेपर्यंत ती तेलाची बाटली उघडत नसे.

"ताई, मालिश करताय की जबानी घेताय?" एक ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला.

"जबानीच. खोटी निघाली तर शिक्षा तुमच्या पाठीला."

मग ती सांगायची, की सोयीचे वाटतील तेवढेच कपडे काढा, बाकी अंगावर चादर असेल. दुखलं तर दात आवळून पडून राहू नका, बोला. आणि नको वाटलं तर मध्येच थांबवा, मला राग येणार नाही.

दर गुरुवारी चार वाजता घड्याळजीकाका यायचे. काकू जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी दूरच्या गावी होती. ते पालथे झाले, की पहिल्यांदा ताईचा तळवा पाठीवर टेकायचा आणि त्यांचं सगळं वजन हळूहळू माझ्यावर उतरायचं. त्या एका क्षणासाठी मी आठवडाभर उभा असायचो. एकदा ते म्हणाले, "पोरी, घरात अकरा घड्याळं टिकटिकतात, पण खांद्यावर हात ठेवणारं कुणी नाही." त्या दिवशी ताईने खांद्यांना जास्त वेळ दिला.

एका गुरुवारी ते आले, तेव्हा मुलीकडून परतून चार दिवस झाले होते. येताना बारा तास गाडीत बसून होते. ताईने नेहमीचे प्रश्न विचारले. "काही नवीन नाही," काका म्हणाले आणि पालथे झाले. मित्रांनो, मला लगेच कळलं. त्यांची डावी पोटरी उजवीपेक्षा गरम होती आणि जड पडली होती. पण मला तोंड कुठलं?

"आज पाठ राहू दे," काका म्हणाले. "डावी पोटरी आखडलीय, तीच जरा जोरात रगड."

ताईने चादर बाजूला केली, पाहिलं आणि पुढे आलेले हात मागे घेतले. खणातून टेप काढून तिने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. चार सेंटिमीटरचा फरक होता.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत, काका?"

"सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतंस."

"हो, पाठवलंच असतं."

"मग पुढचा गुरुवार येईपर्यंत मी काय करायचं?"

माझ्या भोकातून एक थेंब खाली फरशीवर पडला. तो तेलाचा नव्हता.

ताई त्यांच्या डोक्याशी उकिडवी बसली. "आत रक्ताची गुठळी असू शकते. मी रगडलं आणि ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतेल. नसेलही. पण ते मी हाताने ठरवायचं नाही. चला, टॅक्सी बोलावते."

गुठळीच निघाली. वेळेवर गेले म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि मालिश बंद. चार महिने गुरुवारचे चार वाजले, की ताई दाराकडे बघायची आणि मीही. माझ्यावर दुसरी माणसं झोपत होती, पण त्यांचं वजन वेगळं होतं.

पाचव्या महिन्यात काका डॉक्टरांचा कागद घेऊन आले. तूर्त फक्त हातांना हलकी मालिश चालेल, असं त्यावर होतं. ताईने खुर्ची मांडली. विचारायच्या आधीच काकांनी सुरुवात केली. "जेवण एकला. ताप नाही. सकाळची गोळी घेतली. आणि काल न्हाणीघरात घसरलो, ते लेकीला सांगितलेलं नाही."

"मला सांगितलंत ते बरं केलंत. संध्याकाळी तिलाही सांगा," ताई म्हणाली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

तेव्हापासून ते येतात आणि माझ्याशेजारी खुर्चीत बसतात. माझं रेक्झिन आता कडेला फाटलंय आणि एक पाय कुरकुरतो. तुमच्या घरचं कुणी मालिशला निघालं, तर एवढंच सांगा, की विचारतील ते लपवू नका. आणि ते घरी आले, की कधीतरी आपणहून त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरा.

काकांनी पुन्हा एकदा माझ्यावर निवांत पडावं, असं मला फार वाटतं. पण डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत त्यांनी खुर्चीतच बसावं. मी थांबेन.