नाव सांग

माझी भावजय हिरी वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या घालाल. मीही घातल्या आहेत.

तिला दोन मुली. मंगळी अकरा वर्षांची, बारकी चारेक वर्षांची. दुसरी मोठी लढाई चालू असताना, एका पावसाळ्यात बारकी डोळखांबजवळच्या ओहोळात बुडाली. सांभाळायला मंगळीच होती. "तुज्या हाती दिली व्हती ना गो?" एवढं हिरी म्हणाली आणि मंगळीशी बोलायचीच थांबली. भाकरी वाढायची, पण नजर दुसरीकडं.

आमच्या पाड्यात मेलेल्या पोराचं नाव घरात घेत नसत. घेतलं तर ते माघारी येतं म्हणत. त्यामुळं बारकीसाठी मोकळेपणी रडायचीही सोय नव्हती. मंगळीनं खाणं टाकलं. दिवसभर उंबऱ्यावर नुसती बसायची. मी माझ्या भावाला म्हटलं, "लखमा, पोरीला काय लागला नाय रे. तिच्या आयशीला बोलाय सांग." त्यानं मान हलवली आणि भगताला घेऊन आला. शहाणाच तो!

बुधू भगतानं भरदुपारी तिला अंगणात बसवलं, धूप घातला, सुपातले तांदूळ तिच्यावर फेकले. अंगातल्या भुतानं नाव सांगितलं की ते निघतं, अशी त्याची रीत. "कोन हाय तू? नाव सांग!" तो पुन्हापुन्हा ओरडत होता.

मंगळी पुटपुटली, "बारकी."

मला वाटतं, बिचारीला ते नाव एकदा तोंडातून काढायचं होतं, बस. बायका घाबरून मागं सरल्या. हिरी मात्र धावत आली, तिला पोटाशी धरून म्हणाली, "भूक लागली का गो माज्या बाय?"

मंगळी आईच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग बोबड्या आवाजात म्हणाली, "लागली."

भगत भूत काढायला सरसावला, तर हिरीनं त्याला सुपासकट हाकलून दिलं.

पोर जेवू लागली. पाडा म्हणाला, बरी झाली. कसली बरी! हिरी तिला मांडीवर घेऊन भरवायची आणि ती बोबडं बोलायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि रडूही यायचं.

एकदा ती ओट्यावर एकटी सापडली. मी हळूच हाक मारली, "मंगळे."

तिनं आत आईची चाहूल घेतली. मग स्वच्छ, आपल्या आवाजात म्हणाली, "असा नको बोलू, आत्ये. मंगळीशी आई बोलत नाय."