सत्कार क्रमांक एकतीस

पतसंस्थांच्या जिल्हा अधिवेशनाचा पुरेपूर फायदा करून घ्यायचा, असं आमच्या संचालक मंडळात एकमताने ठरलं. ठराव मीच लिहिला, कारण गेली बावीस वर्षं ठराव मीच लिहितो. मी भालचंद्र, वरवट बकालच्या महिला पतसंस्थेचा व्यवस्थापक, कारकून आणि सकाळी कुलूप उघडणारा. सभासद चारशे बारा, सगळ्या बाया. त्यातल्या निम्म्या बाजाराच्या दिवशी येतात आणि माझं डोकं खातात.

विमलबाईचंच घ्या. ती पन्नास रुपये भरते, पासबुक पुढे सरकवते आणि म्हणते, "वाचा भाऊ, पह्यल्यापासून." मी म्हणतो, शेवटची ओळ पुरे. ती म्हणते, "पह्यल्यापासून." मग मी सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीपासून वाचायला लागतो. मागे रांग वाढते. रांगेतलं कुणी तक्रार करत नाही, कारण त्यांनाही पहिल्यापासूनच ऐकायचं असतं.

यंदा शासनाच्या एका मसुद्यात निघालं की पाचशेपेक्षा कमी सभासदांच्या संस्था मोठ्या संस्थांमध्ये विलीन कराव्या. म्हणजे आमच्या दाराला कुलूप आणि आमची खाती नांदुऱ्याला. तिथे काचेमागची मुलं पासबुक मशीनमध्ये सारतात. मशीन छापतं, वाचून दाखवत नाही. विमलबाईवर मी कितीही चिडत असलो तरी ती त्या काचेसमोर पासबुक धरून उभी आहे, हे चित्र मला सहन होत नव्हतं. दोन रात्री नीट झोप लागली नाही. घरी मी पित्त झालंय म्हणून सांगितलं.

तो मसुदा ज्यांच्या टेबलावर होता ते साहेब पुण्याहून बुलढाण्याच्या अधिवेशनाला येणार होते. कार्यक्रमपत्रिकेवर दुपारी बारा ते एक 'लहान संस्थांचे प्रश्न : शासनाशी संवाद' असं ठळक छापलं होतं. मी दोन पानी निवेदन तयार केलं. वर आणखी डोकं चालवलं. आयोजकांपैकी शंकररावांना फोन करून आमच्या अध्यक्षा सत्यभामाबाईंचं नाव सत्काराच्या यादीत घालून घेतलं. स्टेजवर गेलेला माणूस साहेबांच्या लक्षात राहतो, असा माझा हिशेब.

"टाकतो," शंकरराव म्हणाले, "पण तुमचा नंबर एकतिसावा लागेल."

एकतीस या आकड्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. उलट मी त्यांचे आभार मानले.

सत्यभामाबाई म्हणजे साठीची बाई, घरची नऊ एकर स्वतः पाहणारी. नांदुऱ्याला गाडी बदलून आम्ही बुलढाण्याच्या एसटीत बसलो. घाट लागला तेव्हा मी तिला निवेदन वाचून दाखवलं. घाट संपेपर्यंत वाचन चाललं.

"लय लांबलं भाऊ," ती म्हणाली. "कागद काय दाखवता? साहेबालेच आणा ना वरवटले. बाजाराच्या दिवशी बसवा त्याले तुमच्या बाजूले."

"साहेब असे कुठं येत असतात बाई?"

"काऊन? पाय नाहीत का त्याले?"

अशा प्रश्नांना व्यवस्थापकाने उत्तर द्यायचं नसतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

दहाचं अधिवेशन सव्वाअकराला सुरू झालं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग सत्कार लागले. सूत्रसंचालनाला शालिग्राम मास्तर होते. त्यांच्या कानावर पडलेलं कोणतंही वाक्य ते माईकवर दुप्पट मोठं करून सांगत आणि शेवटी म्हणत, "टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या होत होत्या. नाव, शाल, नारळ, फोटो. फोटोग्राफर म्हणे, "अजून एक." की अजून एक.

बारा वाजता अकरावा सत्कार चालू होता. मी बाजूला पाहिलं. माझ्या रांगेत जिल्ह्यातल्या लहान संस्थांचे व्यवस्थापक बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर दोन पानी निवेदन होतं. शेजारच्याला विचारलं, "तुमच्या अध्यक्षांचा सत्कार आहे का?"

"आहे ना. बावीसवा. शंकररावले फोन केला होता."

त्याच्या पलीकडच्याचा चोविसावा होता. सगळ्यांनी माझ्याइतकंच डोकं चालवलं होतं.

मधूनच एका संस्थेचे चौघे निवेदन द्यायला स्टेजवर गेले. चौघांनी कागदाचा एकेक कोपरा धरला, साहेबांनी मधोमध धरला, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटो झाल्यावर तो कागद मागच्या खोक्यात गेला. खोक्यात नारळ होते.

एक वाजता सव्विसावा नंबर झाला. शालिग्राम मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "वेळेअभावी लहान संस्थांच्या प्रश्नांचं सत्र रद्द करण्यात येत आहे. सत्कार मात्र होतील. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

झाल्या. आमच्या रांगेतूनसुद्धा झाल्या.

मी सत्यभामाबाईंकडे वाकलो. "बाई, बोलायचं सत्र गेलं."

"काऊन गेलं?"

"सत्कारामुळे."

"कोणाच्या?"

"आपल्याच." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "सगळ्यांनी नावं घातली. मीही घातलं. चुकलंच माझं."

स्टेजवर एक इसम शाल पांघरून फोटोत उभा होता, त्याच्याकडे ती पाहत राहिली. मग म्हणाली, "शाल पांघरली की माणूस कुठं पळून जात नाही, नाही का भाऊ?" एवढ्यात एकतिसावं नाव पुकारलं गेलं आणि ती पदर सारखा करत उठली.

साहेबांनी तिला शाल घातली, नारळ दिला. फोटो झाला. "अजून एक," फोटोग्राफर म्हणाला. तेवढ्यात सत्यभामाबाईंनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि साहेबांच्या खांद्यावर घातली. नारळही त्यांच्याच हातात दिला. आमच्या जिल्ह्यात समोर शाल आली की मान आपोआप खाली जाते. साहेब पुण्याचे, पण एकतीस सत्कारांत त्यांचीही मान तयार झाली होती.

सत्यभामाबाई शालिग्राम मास्तरांना म्हणाली, "सांगा मास्तर. साहेब येत्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, अकरा वाजता वरवटले आमची पतसंस्था पाहाले येऊन राह्यले. म्हणून आम्हा चारशे बारा बायाइकडून साहेबाइचा सत्कार."

साहेबांनी असं काहीही कबूल केलं नव्हतं. त्यांना वरवट कुठे आहे हेही माहीत नसावं. पण मास्तरांनी सवयीने सगळं दुप्पट मोठं करून सांगितलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतल्या दोन वार्ताहरांनी लिहून घेतलं. साहेबांनी शाल सावरत हात जोडले.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बाई, तुम्ही भर सभेत खोटं बोलल्या."

"बुधवारपर्यंत खोटं हाय," ती म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

सोमवारी पेपरात फोटो आला. खाली तारीख, वार, वेळ. कात्रण मी साहेबांच्या कार्यालयाला रीतसर पत्रासोबत त्याच दिवशी ईमेलने पाठवलं, 'आपल्या जाहीर आश्वासनानुसार' असं लिहून.

बुधवारी पावणेबाराला साहेबांची गाडी आली. मी शाल आणून ठेवली होती. सत्यभामाबाईंनी ती कपाटात टाकली आणि साहेबांना काउंटरच्या आत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. चहा दिला. रांग दारापर्यंत होती. पुढे विमलबाई.

"वाचा भाऊ, पह्यल्यापासून."

त्या दिवशी मी चिडलो नाही. वाचायला लागलो.

"जमा शंभर."

"म्हैस येली तवाचे, दुधाचे," विमलबाई साहेबांना म्हणाली.

"जमा तीनशे."

"कापूस येचला त्या सालचे."

"उचल दोन हजार."

"पोरीचं, पुष्पांजलीचं लग्न," ती म्हणाली. "वाचा पुढं."

साहेबांचा फोन दोनदा वाजला. त्यांनी तो दोनदा बंद केला. सगळं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आजी, हे सगळं नांदुऱ्यालाही होईल की. मोठी संस्था आहे."

"होईन ना," विमलबाई म्हणाली. "पण तिथं मले वाचून कोण दाखवीन?"

साहेब माझ्याकडे वळले, मी टेबलाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि व्यवस्थापकाला ते शोभत नाही. साहेब चार वाजेपर्यंत बसले. तेवीस पासबुकं ऐकली. मग शेरेबुक मागितलं, त्यात लिहिलं, सही केली आणि शाल न घेता निघून गेले.

गाडीची धूळ बसली तरी विमलबाई बाकावरच होती. शेरेबुकाकडे बोट दाखवून म्हणाली, "काय लिवलं?"

"संस्था राहते बाई. इथंच."

"असं नाही," ती म्हणाली. "पह्यल्यापासून वाचा."

मी चष्मा पुसला आणि तारखेपासून वाचायला लागलो.