गार नाणे

वडील कानामागून जे नाणे काढत, ते गार असे.

आधी ते त्यांच्या उजव्या हातात दिसे. मग मूठ मिटे. मूठ उघडे तेव्हा हात रिकामा असे, आणि क्षणभराने तेच नाणे मुलीच्या कानामागून निघून तिच्या गालाला टेकवले जाई. गालाला ते नळाखाली धरून आणल्यासारखे लागे. वडील विचारत, "गार आहे का?" मुलगी म्हणे, "गार." ते मान डोलावत आणि नाणे खिशात टाकत. उन्हाळ्यात हा गारवा थोडा कमी असे, इतकेच. अजिबात नाही असे होत नसे.

ती मुलगी मोठी होऊन तापमापकांची तपासनीस झाली. रुग्णालये, दूध साठवणारे, औषधांची गोदामे आपापले तापमापक तिच्या प्रयोगशाळेत धाडत. कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या भांड्यात बुडवून ते शून्याला शून्यच म्हणतात की नाही, हे ती पाही, आणि जे म्हणत नसत त्यांना लाल चिकटपट्टी लावून परत पाठवी. वडील दगड घासून गुळगुळीत करणाऱ्या एका कारखान्यात यंत्रावर होते. संध्याकाळी घरी येत ते भुवयांत पांढरी भुकटी आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या, अशा अवस्थेत. ती शाळेत असतानाच ते गेले. नाणे गार का, असे विचारण्याची अक्कल तिला आली तेव्हा उत्तर देणारा माणूस उरला नव्हता, आणि ज्याचे उत्तर मिळत नाही तो प्रश्न बाजूला ठेवायचा, ही शिस्त तिने पुढे शिक्षणात मिळवली. प्रश्न मात्र बाजूला राहिला नाही. बर्फाच्या भांड्यातून हात बाहेर काढताना तो रोज समोर येऊन उभा राही.

आईची दृष्टी कमी होत होत आता उजेड आणि अंधार एवढ्यावर येऊन थांबली होती. एकदा तपासनीस तिचे केस विंचरत असताना आई म्हणाली, की पाहायचे असे आता फारसे काही राहिलेले नाही आणि राहिले असते तरी उपयोग नव्हता. पण ह्यांचे ते नाणे पूर्वीसारखे एकदा माझ्या कानामागून निघाले तर बरे वाटेल.

"त्याला डोळे लागत नाहीत," आई म्हणाली.

आई सहसा काही मागत नसे. तपासनिसाने फणी खाली ठेवली आणि शिकते म्हणाली.

कोणत्याही कामाला ती जशी सुरुवात करी तशीच तिने याही कामाला केली, म्हणजे साहित्य गोळा केले. खेळण्यांच्या दुकानातून 'नवशिक्यांसाठी जादू' असे लिहिलेली पत्र्याची पेटी आणली. तिच्यात प्लॅस्टिकचे पेले, स्पंजचे लाल चेंडू, हात लावताच तुटणारा अदृश्य दोरा आणि घडी घातलेला सचित्र कागद होता. कागदावरच्या एका चित्रात हाताला सहा बोटे होती. संपूर्ण पेटीत खरी जादू म्हणता येईल अशी तेवढीच. त्यानंतर तिने व्हिडिओ पाहिले. त्यांतला तरुण घाईघाईने बोलत असे, आणि जे पाहायचे तेच नेमके घडताना कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे वळे. शेवटी वाचनालयात एक जुने, कोपरे मऊ पडलेले पुस्तक मिळाले. ते प्रामाणिक होते. बरेच महिने तुम्हाला काही जमणार नाही, असे त्यात पहिल्याच पानावर सांगितले होते, आणि पुढे नवशिक्यांसाठी नियम दिले होते. नाणे ज्या हातात लपवले आहे त्या हाताकडे पाहू नये. बोलायचे ते खेळ चालू असताना, लोकांची नजर दुसरीकडे नेण्यासाठी. खेळ संपल्यावर प्रश्न विचारू नयेत. आणि सुरुवातीला हात कोमट पाण्याने धुवावेत, कारण गार, कोरड्या तळव्यात नाणे ठरत नाही.

वाचता वाचता ती थांबली. वडील मूठ मिटल्यावर हाताकडे पाहत. दरवेळी पाहत, आणि खेळ संपल्यावर तो एकच प्रश्न विचारत. पुस्तकाच्या हिशेबाने ते अगदीच सुमार जादूगार होते. हे कळल्यावर तिला ते पूर्वीपेक्षा जास्त हवेसे झाले, आणि या दोन गोष्टींचा संबंध काय, ते तिला सांगता आले नसते.

पुस्तकाच्या शेवटी असे म्हटले होते की हात हातापासूनच शिकतो. म्हणून ती हौशी जादूगारांच्या मंडळात जाऊ लागली. औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत सुट्टीच्या दुपारी हे लोक जमत. मंडळ चालवणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. जन्मभर लोकांचे लक्ष सुईवरून उडवण्यात गेल्यामुळे जादू आपल्याला आयतीच आली, असे ते सांगत. दाराशी स्टुलावर कोमट पाण्याचे घमेले आणि टॉवेल असे, आणि हात बुडवल्याशिवाय कोणी नाण्याला शिवायचे नाही, हा मंडळाचा एकमेव कडक नियम होता. तपासनिसाची ओळख त्यांनी पहिल्याच दिवशी 'आमच्या थर्मामीटरबाई' अशी करून दिली आणि ते नाव तिला चिकटले.

घरी ती पलंगावर बसून सराव करी. नाणे पडे ते घरंगळत नेमके कपाटाखाली जाई.

"पडलं," शेजारच्या खोलीतून आई म्हणे.

"माहीत आहे."

"आंधळी झालेय, बहिरी नाही झाले अजून."

महिने लोटले आणि आईकडून येणारी ही वार्ता विरळ होत गेली. एके दिवशी दुपारभर ती आलीच नाही. तेव्हा तपासनीस उठली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्याने हात धुतले, आईसमोर बसली, नाणे तिच्या हातात देऊन चाचपायला लावले, परत घेतले, आणि तिच्या कानामागून काढून गालाला टेकवले. एकही चूक झाली नव्हती.

आईने जरा वाट पाहिली. मग म्हणाली, "छान जमलं हो. पण हे गरम आहे."

"हातात होतं ना."

"ह्यांचंही हातातच असायचं."

खरी अडचण इथे सुरू झाली. तपासनिसाने जरूर ते प्रयोग केले. धातू अंगातली ऊब ओढून घेतो म्हणून तो स्पर्शाला गार वाटतो, हे तिला कोणी सांगायला नको होते. पण मुठीत धरलेले नाणे थोड्याच वेळात हाताइतके ऊबदार होते, हे तिने प्रयोगशाळेतला बारीक तापमापक मुठीत धरून पाहून घेतले. याचा अर्थ, वडिलांकडे दोन नाणी असली पाहिजेत: एक दाखवायचे आणि एक कुठेतरी गार करून ठेवलेले. तिने एक नाणे ओल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. आई म्हणाली, ओले लागतेय. तिने ते खिडकीच्या दगडी पट्टीवर ठेवून ऐन वेळी बाहीत सरकवले. आईने मान तिरकी करून गाल त्याला नीट लावून पाहिला.

"गार आहे," ती म्हणाली. "पण तसं नाही."

"तसं म्हणजे कसं?"

आईला सांगता येईना. नुसते नाणेच गार आहे, एवढेच ती म्हणाली, आणि मुलीला वाईट वाटू नये म्हणून पुढे तिच्या सरावाचे कौतुक करू लागली.

तपासनिसाने दंतवैद्यांना विचारले. गार नाण्याचा प्रकार त्यांनी ऐकला नव्हता. खेळ संपल्यावर विचारलेल्या प्रश्नाचे मात्र त्यांना नवल वाटले. प्रश्नाने नजर हटवायची, पण तोवर तर लपवण्यासारखे काही उरलेलेच नसते. थोडा विचार करून ते म्हणाले, "मग तो प्रश्न खेळातला नसेल. खरंच विचारत असतील."

"जादूगार कधी खरं विचारतो का?"

"माणूस विचारतो अधूनमधून," दंतवैद्य म्हणाले.

हे तिला पटले नाही. पुराव्याशिवाय कोमल विचार करण्याची तिला सवय नव्हती.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मंडळात एक नवे गृहस्थ आले. आयुष्यभर त्यांनी सार्वजनिक बागांतली वाळलेली झाडे इंजिनाच्या करवतीने उतरवली होती, म्हणून लगोलग त्यांचे 'करवतवाले' हे नाव पडले. जादूची त्यांना हौस नव्हती. बोटांना व्यायाम म्हणून नाणी, बटणे असे काहीतरी हाताळत जा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बटणे घेऊन कुठल्या मंडळात जाता येत नाही, म्हणून ते इथे आले होते. घमेल्याजवळ येऊन त्यांनी पाण्यात आधी कोपर बुडवले. सगळे हसले. त्यांनी शांतपणे सांगितले की पाणी कढत आहे की गार, हे बोटांना कळत नाही, एकदा चांगला हात पोळून घेतला आहे. मग बोटे बुडवल्यासारखी करून पुसली आणि नाणे उचलले.

ते सारखे मुठीकडे पाहत. दंतवैद्यांनी टोकले, हाताकडे बघायचे नाही.

"न बघता कसं समजणार?" करवतवाले म्हणाले. "आहे का पडलं?"

तेवढ्यात ते पडलेच, आणि गडगडत तपासनिसाच्या पायाशी आले. तिने ते उचलले. नाणे गार होते.

ती ते मुठीत धरून तशीच उभी राहिली. मग पुढे होऊन तिने त्यांचा हात पाहू का, असे विचारले. त्यांनी तो निमूटपणे पुढे केला. तळवा सर्वांसारखा होता. बोटे मात्र पेरांपासून टोकापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी होती आणि त्यांची नखे निळसर दिसत होती. करवतीची थरथर वर्षानुवर्षे हातात मुरली की असे होते, ते म्हणाले. थंडीत आणि ओल्यात रक्त बोटांकडे फिरकतच नाही. खडक फोडणारे, दगड घासणारे, अशा बऱ्याच जणांना होते. तिने पर्समधून तापमापक काढला आणि त्यांच्या परवानगीने तो दोन बोटांत धरला. बोटे खोलीतल्या हवेपेक्षा जेमतेम ऊबदार होती. तापमापक तिने स्वतःच तपासलेला होता, तेव्हा शंकेला जागा नव्हती.

नाणे कशाने गार केले, याचा तिने इतके महिने शोध घेतला होता. हात ऊबदार असतो, हे मात्र स्वतःच्या हातावरून गृहीत धरले होते. तुलनेचा मूळ बिंदूच तपासायचा राहून गेला होता. या चुकीबद्दल तिने किती जणांच्या उपकरणांना लाल पट्टी लावली होती.

घरी आई उन्हाच्या कवडशाकडे तोंड करून बसली होती. तपासनीस चपला न काढताच तिच्याजवळ गेली.

"आई, बाबांची बोटं पांढरी पडायची का?"

आईने कवडशाकडचे तोंड तिच्याकडे वळवले.

"पांढरी फटक," ती म्हणाली. "यंत्रावर धार लावलेली असायची ना पाण्याची. दिवसभर ती थरथर नि ते पाणी. संध्याकाळी सदऱ्याची बटणं मी काढायचे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू नाण्याचं विचारत होतीस, बये. हाताचं कुठे विचारलंस?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, हे तपासनिसाच्या मनात आले. आई हळूहळू सांगत गेली. त्याही काळी एका वैद्याने बोटे हलती ठेवायला सांगितली होती, तेव्हा त्यांनी कुणा सोबत्याकडून हा खेळ उचलला. नाणे पडून पडून जमिनीला खळगे पडायची वेळ आली होती. बोटांचे मुलीला कळू द्यायचे नाही, असे त्यांनी आईला बजावले होते.

"तुझ्या तोंडावरून हात फिरवायला भ्यायचे," आई म्हणाली. "एवढा गार हात लेकराच्या गालाला कसा लावू म्हणायचे. दचकेल. म्हणून नाणं लावायचे. नाणं गार लागलं तर कुणाला काही वाटत नाही."

"आणि ते विचारायचे ते?"

"त्यांना कळायचं नाही ना. तू सांगितलंस की कळायचं."

तपासनीस उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यात पाणी घेतले, फ्रिजमधला सगळा बर्फ त्यात ओतला आणि दोन्ही हात बुडवले. हात रोज अशाच पाण्याशेजारी असत. आत मात्र एवढा वेळ कधी राहिले नव्हते. आधी ते दुखले, मग ठणकले, मग दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे झाले. तिने ते पुसले, नाणे उचलताना दोनदा पडले, आणि आईसमोर येऊन बसली.

मूठ मिटली तेव्हा आत नाणे आहे की नाही, ते तिला समजेना. तिने मुठीकडे पाहिले. होते. मग तिने ते आईच्या कानामागून काढले आणि गालाला टेकवले, बोटेही टेकली. आईचा गाल तिला बोटांनी कळला नाही. नाणे कसे आहे, तेही कळले नाही.

"गार आहे का?" तिने विचारले.

आईने तिचा हात नाण्यासकट गालावर दाबून धरला.

"गार," ती म्हणाली.

नाणे गार असे, कारण ज्या बोटांत ते असे ती बोटे गार असत. दगड घासण्याच्या यंत्राची थरथर आणि त्यावर सोडलेले पाणी यांमुळे त्यांतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या होत्या. ते गार आहे का, असे वडील विचारत, कारण त्यांना ते कळत नसे.